सुशेगाद, पण वेळेवर

गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसाला एवढी कोकणी हमखास येते: ‘देव बरें करूं’, ‘नुस्तें’ (म्हणजे मासळी) आणि ‘सुशेगाद’. पहिलं तो बिल देताना म्हणतो, दुसरं बिल वाढवताना आणि तिसरं बिल यायला उशीर झाला की.

‘सुशेगाद’चा मूळ शब्द पोर्तुगीज, ‘सोसेगादो’. म्हणजे शांत, निवांत. पोर्तुगीज १९६१ साली गेले, शब्द राहिला. त्याला जायची घाई नव्हती. हे विशेषण माणसाला लागतं, दुपारला लागतं, उभ्या आयुष्यालाही लागतं. पाहुण्यांनी मात्र ते ‘आळशी’च्या जागी नेऊन बसवलं.

आमचे मेव्हणे त्यातलेच. सकाळी गरम पोळी (गोव्यात हा पाव असतो, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं) मोडत म्हणाले, “भावजी, इथे कामाची म्हणून कुणाला घाई नाही.” ती पोळी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, पहाटेच्या अंधारात भट्टी पेटवून भाजली होती आणि सायकलचा भोंपू वाजवत दारात आणून दिली होती. तेव्हा मेव्हणे घोरत होते. दुपारी दुकानं बंद दिसल्यावर तर ते भडकलेच. मेव्हणे सदाशिव पेठेतले. एक ते चार बंद हा तिकडे संस्कार, इकडे आळस!

सहलीचा तक्ता त्यांनीच केला होता. त्यात ‘४ ते ५ : सुशेगाद’ अशी रीतसर नोंद होती. चारच्या ठोक्याला ते बाल्कांवातल्या, म्हणजे ओसरीतल्या, सोप्यावर येऊन बसले. चार-दहाला विचारलं, “एवढंच असतं का?”

समोर रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावर चढत होता. सकाळी सूर (म्हणजे माडी) उतरवायला, दुपारी पोय (माडाचा फुलोरा) तासायला, संध्याकाळी पुन्हा सूर उतरवायला, अशी त्याची ही दिवसातली तिसरी खेप. खाली उतरून तो निवांत टेकला. पहाटेपासून राबलेल्या माणसाचंच असं टेकणं सुशेगाद दिसतं. आम्ही नुसते बसलो होतो.

मेव्हण्यांना राहवेना. “अहो, तीनदा कशाला? एकदाच चढून काय ते उरकून टाकावं!”

रेंदेर म्हणाला, “माड आयकना.”

मेव्हण्यांनी घड्याळ पाहिलं आणि ताडकन उठले. सुशेगाद पाच मिनिटं लांबलं होतं, आणि तक्त्यात पुढे होतं : ‘५.४५ ते ६.१५ : मनसोक्त सूर्यास्त’.