बेचाळीस किलोमीटरचा उतार

लॉन्सेस्टनच्या विमानतळावर एक कुत्रा मामांच्या पिशवीपाशी आला, त्याने पिशवी हुंगली आणि तो तिथेच शांतपणे बसला. परदेशातली जनावरेसुद्धा माणूस ओळखतात, असे मामांना वाटले. कुत्र्याने ओळखले होते ते लिंबू. टास्मानिया हे बेट फळांच्या बाबतीत भलतेच सोवळे आहे. बाहेरची कीड आत शिरू नये म्हणून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरूनही ताजी फळे-भाजी सोबत आणू देत नाहीत. मामांच्या पिशवीत मेलबर्नच्या देशी दुकानातून घेतलेले एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या होत्या, रीतसर दोऱ्यात ओवलेल्या. सायकलीला बांधायला. दृष्ट लागणे हा प्रकार अधिकारीणबाईंना इंग्रजीत समजावून सांगणे मेलबर्नवासी भाच्याला जमले नाही. लिंबू कचऱ्याच्या डब्यात गेले आणि मामा-भाचे उघड्यावर पडल्यासारखे सेंट हेलेन्सला निघाले.

सेंट हेलेन्स हे टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे गाव. वस्ती दोन हजारांच्या आसपास, समोर जॉर्जेस बे नावाची शांत खाडी, खाडीत कालवांची शेती, धक्क्यावर मासेमारीच्या बोटी. कोकणातल्या माणसाला इथे परके वाटू नये, फक्त ओरडणारे कोणी नाही. अशा गावात आता निम्म्या गाड्यांच्या मागे सायकली टांगलेल्या दिसतात आणि हॉटेलांबाहेर गुडघे सोललेली माणसे अत्यंत समाधानी चेहऱ्याने बसलेली असतात.

हे कसे झाले, त्याची सुरुवात डोंगरापलीकडे आहे. डर्बी हे कथलाच्या खाणींवर वाढलेले आणि खाणी संपल्यावर ओस पडत चाललेले गाव. 2015 साली तिथल्या जंगलात माउंटन बाइकच्या वाटा खुल्या झाल्या आणि दोनच वर्षांत एन्ड्यूरो वर्ल्ड सीरिज ही जागतिक स्पर्धा त्या चिमुकल्या गावात भरली. पडायला येणारी माणसे राहायला खोली, प्यायला कॉफी आणि लावायला मलमपट्टी घेतात, हे अर्थशास्त्र आसपासच्यांच्या लक्षात आले. वाटांचे जाळे ब्लू टिअरच्या पठाराकडे पसरत गेले आणि नोव्हेंबर 2019 मध्ये थेट समुद्राला भिडले. सेंट हेलेन्सजवळच्या फ्लॅगस्टाफ भागात 66 किलोमीटरच्या फेऱ्या आणि पठारावरून किनाऱ्यापर्यंत 42 किलोमीटरची एक सलग वाट. तिचे नाव बे ऑफ फायर्स ट्रेल.

डर्बीच्या बाजूच्या एका वाटेचे नाव ॲटलस आहे हे ऐकून मामा हळवे झाले. पुणे हे सायकलींचे शहर होते त्या काळात त्यांनी ॲटलस सायकलवर कॉलेज केले होते. सोनीपतच्या त्या कंपनीने आपला साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद केला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, हा तपशील ते कुठल्याही बैठकीत सांगत. त्यामुळे सायकल चालवण्याबद्दल कोणी त्यांना शिकवावे, हा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानात उपस्थित झाला. सायकलीला घंटी नव्हती, स्टँड नव्हता, कॅरिअर नव्हते, मडगार्ड नव्हते. "अरे, अर्धी सायकल देऊन पूर्ण भाडं घेतायत," मामा म्हणाले. टायरमध्ये ट्यूबही नव्हती. आत चिकासारखे द्रावण असते, काटा घुसला की ते भोक बुजवते. हँडलवर एक कळ होती. बसल्या बसल्या मामांनी ती दाबली आणि सीट त्यांच्यासकट खाली गेली.

"मामा, तो ड्रॉपर आहे. उतारावर सीट खाली घ्यायची, म्हणजे आपण उभे राहू शकतो."

"उतारावर उभं राहायचं? मग बसायचं कधी?"

"घरी गेल्यावर."

पहिला दिवस फ्लॅगस्टाफला गेला. इथल्या फेऱ्या एकमेकींना जोडून रचल्या आहेत. जवळच्या फेऱ्या छोट्या आणि सोप्या, पुढच्या लांब आणि अवघड. दमलात की कुठूनही परत फिरा. फाट्यांवर पाट्या असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपे, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा शंकरपाळा म्हणजे अवघड आणि दोन काळे शंकरपाळे म्हणजे ज्याचे त्याने बघून घ्यावे. हिरव्या वर्तुळात मामांनी मान राखला. वळणांवर मातीची भिंत तिरकी चढवलेली असते, तिला बर्म म्हणतात. तिच्यावर विश्वास ठेवून सायकल कलती केली की वळण आपोआप पार पडते. मामांनी विश्वास ठेवला नाही. ते प्रत्येक बर्मपाशी उतरले, सायकल हाताने वळवली आणि पुन्हा बसले. मागे वाट बघणाऱ्या मुलांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, याचे त्यांना पुणेकर म्हणून नवल वाटले.

या वाटा बांधणारी मंडळी वर्ल्ड ट्रेल या कंपनीची; डर्बीचे कामही त्यांचेच. त्यांची खरी कारागिरी पाण्याशी आहे. वाट सरळ खाली सोडली तर पहिल्याच पावसात तिचा ओढा होतो. म्हणून ती उताराला आडवी कापत नेतात, मधे मधे जरा वर चढवतात म्हणजे पाणी तिथेच बाजूला उतरते आणि ओलसर जागी दगड हाताने बसवून फरशी करतात. मामांनी एक दगड बुटाने हलवून पाहिला. तो हलला नाही. "आमच्या गल्लीत हे लोक एकदा बोलवायला हवेत," असे म्हणून त्यांनी कंत्राटदार या विषयावर तीन किलोमीटर भाषण केले.

दुसऱ्या दिवशी शटलची व्हॅन, मागे सायकलींचा ट्रेलर. ती सलग वाट जिथून सुटते ते पोइमेना हे पठारावरचे, सातशे मीटरहून उंच ठिकाण. कथलाच्या दिवसांत इथे गाव होते. आता झुडपे, ग्रॅनाइट आणि वारा. खाली खाडीवर ऊन होते, वर धुके आणि दात वाजवणारी थंडी. मामा टी-शर्टवर आले होते, कारण समुद्राला जायचे म्हटल्यावर स्वेटर कोण घेतो? भाच्याने आपले जास्तीचे जॅकेट काढून दिले. मामांनी गणपतीचे नाव घेतले आणि सीट खाली केली.

वाट मर्टलच्या जुन्या जंगलात शिरली. शेवाळलेली खोडे, माणसाच्या दुप्पट उंचीची झाडनेची, हिरवा अंधार. मामा गप्प झाले, यावरून जंगलाची कल्पना यावी. मग त्यांनी विचारले, "इथे साप असतात का रे?"

"टास्मानियात तीनच जातींचे आहेत."

"त्यातले विषारी किती?"

"तिन्ही."

ओळखण्याची भानगड तरी नाही, असे मामा म्हणाले आणि वेगात पुढे गेले. तिन्हींवर एकच प्रतिविष चालते ही दिलासा देणारी माहिती भाच्याच्या तोंडातच राहिली.

पुढे एका दगडावर त्यांना काळपट चौकोनी ठोकळे नीट मांडलेले दिसले. ती वोम्बॅटची लेंडी होती. हा गुबगुबीत प्राणी घनाकार लेंड्या टाकतो. त्याच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून कडा येतात. हे शोधणाऱ्यांना 2019 साली इग नोबेल मिळाले, ही वाट खुली झाली त्याच वर्षी. मामा लेंडीकडे वळून बघत राहिले आणि सायकल, त्यांची नजर जाईल तिकडे जायचे या आपल्या धर्मानुसार, नेच्यांत शिरली. नेचे मऊ होते. मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या कानामागे एक जळू होती आणि तोंडात लिंबू-मिरचीचा विषय.

बेचाळीस किलोमीटरचा उतार या कल्पनेतली खोच मात्र अजून यायची होती. वाट डोंगरावरून समुद्राकडे जाते हे खरे. पण ती सरळ उतरत नाही. मर्टल संपून कोरडे निलगिरीचे रान लागते आणि मधेच चांगला दमदार चढ येतो. बॅटरीची सायकल भाड्याने घेऊ या, असे भाचा आदल्या दिवशी सुचवत होता. "खाली जायला मोटर कशाला?" असे मामांनीच त्याला विचारले होते. चढाच्या मध्यावर साठीच्या पुढच्या एक बाई बॅटरीच्या सायकलीवरून शीळ घालत मागून आल्या, "गुड ऑन यू, मेट!" म्हणाल्या आणि वळणाआड गेल्या. मामांनी सायकल झाडाला टेकवली, खिशातून डिंकाचा लाडू काढला आणि तो संपेपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

निघाल्यापासून पाच तासांनी वाळू लागली. स्विमकार्ट बीच. पांढरी वाळू, निळेशार पाणी आणि ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर दगडफुलाचा भगवा रंग. बे ऑफ फायर्स हे नाव त्या रंगावरून पडले असे पुष्कळांना वाटते. 1773 मध्ये टोबायस फर्नो या दर्यावर्दीला जहाजावरून किनाऱ्यावर मूलनिवासींच्या शेकोट्या दिसल्या, तेव्हापासूनचे ते आहे. त्या लोकांनी या जागेला दिलेले नाव लारापुना. ते आता पाट्यांवर सोबत लिहितात. मामा बुटांसकट पाण्यात गेले आणि तितक्याच वेगाने परत आले. पाणी बर्फाचे असते.

संध्याकाळी धक्क्यावर तळलेला मासा खाताना त्यांचेही गुडघे सोललेले होते आणि चेहरा समाधानी. पुढच्या वेळी बर्मवर उतरायचे नाही, असा ठराव झाला.

जाणार असाल तर शटलची जागा आधी धरून ठेवा, खाली कितीही ऊन असले तरी जॅकेट बरोबर घ्या आणि बॅटरीच्या सायकलीला नाक मुरडू नका. लिंबू-मिरची सेंट हेलेन्सच्या दुकानातच घ्यावी.