आपल्या हातातला पाना असाच फिरत राहो

प्रति,
मा. साहेब (सर्व मजले, सर्व विंगा),
पुणे शहर व उपनगरे.

विषय : आमच्या धंद्याला आपण करत असलेल्या अखंड सहकार्याबद्दल आभार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो, की मी नळ, लाइट, किरकोळ सुतारकाम आणि पडेल ते काम करणारा माणूस आहे. बावीस वर्षं झाली. मधे मंदी आली, लॉकडाउन आलं, पण आपण कधी मला उपाशी ठेवलं नाहीत. रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन आपण मोबाइलवर ‘नळ घरच्या घरी दुरुस्त करा’ असा व्हिडिओ लावलात, की सोमवारी माझ्या घरची चूल पेटणार हे नक्की.

पहिला मान आपल्या बेसिनखालच्या कामगिरीला. मूळ तक्रार काय होती? कनेक्शन पाइपाच्या नटातून मिनिटाला दोन थेंब. त्या नटाच्या पोटात एक रबरी वायसर असतो, पाच-दहा रुपयांचा. पाणी अडवतो तो वायसर; तिथे टेपचं काहीच काम नसतं. जुना काढावा, नवा घालावा, नट हाताने बसवावा, पान्याने फार तर पाव फेरा द्यावा, संपलं. आपण मात्र टेफ्लॉन टेपचं अख्खं रीळ तिथे गुंडाळलंत, आणि तेही उलटं. (जिथे टेप लागते तिथे आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली की आवळताना उलगडत जाते. पण हे आपल्याला सांगून मी माझ्याच पोटावर पाय का आणू?) मग माझ्याकडून ‘पाच मिनिटांसाठी’ नेलेला पाना लावून नट कचकचून आवळलात. वायसर कापला गेला, थेंबांची धार झाली. तेव्हा आपला मोर्चा अँगल कॉककडे वळला. तो भिंतीत आणखी एक फेरा घट्ट बसवताना आतल्या सीपीव्हीसीच्या एल्बोने ‘टक्’ असा आवाज केला. साहेब, असा ‘टक्’ झाला की माझ्या पोराच्या क्लासची फी निघते.

पुढचा प्रसंग वहिनींनी मला नंतर साभिनय सांगितला. ‘मेन बंद करा, मेन!’ असा ओरडा झाला आणि कळलं, की मेन वॉल्व्ह कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नाही. वॉचमन गच्चीवर धावला आणि त्याने शेजारच्या विंगेचं पाणी बंद केलं. तिथे एक आजोबा डोक्याला शाम्पू लावून उभे होते. आपला वॉल्व्ह शेवटी डक्टमध्ये सापडला, पण दहा वर्षं कुणी हात न लावल्याने तो जाम. मी पोचलो तेव्हा हॉलमधला गालिचा तरंगत होता.

मग टाइल फोडणं आलं. तसली निळी टाइल आता बाजारात मिळत नाही. बिल्डरने उरलेल्या टाइल्सची एक पेटी दिली होती म्हणे. ती आपण गणपतीआधीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिलीत. आता त्या निळ्या भिंतीत एक पांढरी टाइल कवळीतल्या दातासारखी चमकते. मी येता-जाता तिला नमस्कार करतो.

लाइटच्या कामात मात्र आभार मानायला माझी जीभ रेटत नाही. एकाच लाइनवर गिझर, इस्त्री आणि ओव्हन चालवल्यावर आपला 16 अँपियरचा एमसीबी पडायचा. नुसता 2000 वॅटचा गिझरच 230 व्होल्टवर जवळपास नऊ अँपियर ओढतो, मग बाकीच्यांनी जायचं कुठे? आपण दुकानातून 32 अँपियरचा एमसीबी आणून बसवलात आणि ‘आता पडत नाही’ असं मला अभिमानाने दाखवलंत. साहेब, एमसीबी हा भिंतीतल्या तारेचा राखणदार. कुत्रा भुंकतो म्हणून आपण चोराला शोधलं नाहीत, बहिरा कुत्रा आणून बांधलात. आता तार भिंतीच्या आत तापत राहील आणि आपल्याला कळेल ते वास आल्यावर. शिवाय एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी लागतो, आणि त्याच्यावरचं ‘टेस्ट’चं बटण अधूनमधून दाबून तो पडतो का हे बघावं लागतं. गिझर तापताना त्याच्या सेफ्टी वॉल्व्हमधून थोडं पाणी ठिबकतं, ते आतला दाब सुटावा म्हणून. तिथे आपण एम-सील भरलंत. ते मी न विचारता खरवडून काढलं आणि त्याचे पैसे लावले नाहीत. मुख्य बोर्डाचं काम तर मीही करत नाही. त्याला परवानाधारक माणूस बोलवा. माझं गिऱ्हाईक मला जिवंत हवं, उधारी बाकी आहे.

आता रंगाकडे वळतो. पाऊस ऑक्टोबरात जातो आणि दिवाळी दारात उभी असते. भिंतीने चार महिने पाणी प्यायलेलं असतं, ते सुकायला सवड लागते. आपण ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वर सगळ्यात महाग रंग चढवता. तुळशीचं लग्न लागेपर्यंत फुगे येतात आणि पांढरी भुकटी गळू लागते. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. माझा पेंटर मित्र आपल्याला ‘वार्षिक वर्गणीदार’ म्हणतो. ओल कुठून येते हे आधी शोधून उन्हाळ्यात ते काम करून घ्यावं असं कुणी सुचवलं, तर आपण म्हणता, ‘उन्हाळ्यात कुठे गळतंय?’

बेडरूमच्या छताची ओल तर वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून येते, आणि आपण खालून छत रंगवता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खर्च कुणी करायचा यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन तास खल होतो. उपविधींत सरळ लिहिलंय : घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाने बघायची, पावसाची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची सोसायटीने. पण उपविधी वाचले तर मीटिंगला चहा-बिस्किटं कशाला ठेवायची?

माणूस नेमण्याची आपली पद्धतही आम्हाला फार सोयीची. तीन जणांना फोन करायचा, ‘किती घेणार?’ एवढंच विचारायचं आणि सगळ्यात कमी सांगणाऱ्याला बोलवायचं. आकडा मटेरियलसकट की नुसती मजुरी, कुठल्या मेकचं सामान, राबिट कोण उचलणार, यातलं काहीच बोलायचं नाही. असा ‘स्वस्त’ माणूस अर्धं बाथरूम फोडून गावाला जातो, निम्म्याहून जास्त ॲडव्हान्स त्याच्याबरोबर गावाला जातो, आणि आपण मला फोन करता. दुसऱ्याने बिघडवलेलं काम हातात घ्यायला मी दीडपट घेतो, आणि त्या वेळी आपण घासाघीस करत नाही. एरवी मात्र तीनशे रुपये ऐकले की आपला चेहरा पडतो : ‘अहो, पाच मिनिटांचं काम!’ खरंय. पण गेटवर वहीत नाव, नंबर, वेळ लिहायची, आणि लिफ्टपाशी पाटी : ‘कामगारांनी जिना वापरावा.’ सातवा मजला, खांद्यावर ड्रिल मशीन. ती मिनिटं आपल्या घड्याळात धरलेली नसतात.

तरी आपणांस नम्र विनंती, की खालील गोष्टी कृपया कुणाला सांगू नयेत. आमचा धंदा बसेल.

एक, मेन वॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवणं आणि सहा महिन्यांनी तो एकदा बंद-चालू करणं. दोन, नळाला पाणी कमी येत असेल तर आधी तोंडाची जाळी काढून क्षार धुणं. तीन, फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून वीस मिनिटं थांबणं. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर आतलं रबर गेलेलं असतं. चार, भिंत बंद करण्याआधी आतल्या पाइपांचे आणि वायरिंगचे फोटो काढणं, आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल न मारणं. पाच, वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स बसवण्याआधी पाणी कोंडून निदान 24 तास ठेवणं आणि खालच्या घरात बघून मगच पुढचा हप्ता देणं. सहा, मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून घेणं, आणि बदललेला जुना पार्ट मागून घेणं. आणि सातवी सगळ्यात घातक : दोन थेंब असतानाच बोलावणं. दुरुस्ती स्वस्त असते, साहेब. आम्ही जगतो ते दुरुस्तीच्या दुरुस्तीवर.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला विश्वासू,
जिन्याने येणारा नळवाला

ता.क. : गेल्या दिवाळीत नेलेला पाना अजून आपल्याकडेच आहे. परत मागण्यासाठी हे लिहीत नाही. मी नवीन घेतलाय. तो आपल्याकडेच असू द्या. गेल्या वर्षभरात त्याने मला जेवढं काम आणून दिलं, तेवढं माझ्या व्हिजिटिंग कार्डानेही दिलेलं नाही.