छेदाचे माहात्म्य

महसूल खात्याच्या एका कचेरीत चौतीस वर्षे बारनिशी, टिपणी आणि मसुदे यांच्या सहवासात काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्यास वाङ्मयाची जी काही अभिरुची उरते ती काव्य-नाटकांची नसून दस्तऐवजांची असते. आणि म्हणूनच, १४ नोव्हेंबर २०२२ रोजी इजिप्त देशी शर्म अल-शेख येथे आपल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी रुजू केलेली अल्प-उत्सर्जनाची दीर्घकालीन विकासनीती जेव्हा माझ्या वाचनात आली, तेव्हा इतर लोक ज्या भक्तिभावाने पोथी उघडतात त्याच भावाने, चष्मा पुसून, मी तिचे पारायण केले. वीज, वाहतूक, नगररचना, उद्योगधंदे, हवेतून कर्बवायू ओढून घेणारी यंत्रे, वने आणि सर्वांत शेवटी, शुभकार्यात आहेराचा विषय निघावा तसा, पैसा, असे तिचे सात अध्याय आहेत. धुराच्या परिणामांविषयी मला गती नाही. परंतु मसुद्याची कारागिरी मला कळते, आणि या कारागिरीचा मुकुटमणी म्हणजे तिच्यामागे उभा असलेला छेद होय.

अंश आणि छेद यांतला छेद. आपण जगाला वचन दिले आहे ते धूर कमी करण्याचे नव्हे. २००५ हे आधारवर्ष धरून, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक रुपयामागे निघणारा धूर २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचे आहे, आणि २०२० पर्यंत त्यातील ३६ टक्क्यांची वसुली झालीही आहे. या मुदतीत एकंदर धूर वाढला ही गोष्ट कोणी नाकारीत नाही; पण धूर हा अंश आहे, आणि अंश वाढला असता छेद त्याहून वेगाने वाढविला म्हणजे भागाकार आपोआप नम्र होतो, हे इयत्ता पाचवीतले सत्य इतक्या मोठ्या पातळीवर उपयोगात आणलेले पाहून माझ्या गणिताच्या मास्तरांना स्वर्गात धन्य वाटले असेल.

हे तत्त्व मी ताबडतोब स्वतःच्या प्रकृतीस लावून पाहिले. डॉक्टरांनी मला जिलेबी कमी करण्यास बजाविले आहे. २००५ साली माझा पगार दरमहा बारा हजार होता आणि जिलेबी अर्धा किलो; आज महागाईभत्त्यासह निवृत्तिवेतन छत्तीस हजार आहे आणि जिलेबी एक किलो. म्हणजे हजार रुपयांमागे तेव्हा जवळजवळ बेचाळीस ग्रॅम, आज अठ्ठावीसही नाही! माझी जिलेबी-तीव्रता तेहतीस टक्क्यांनी उतरली असून, सरकार वर्षातून दोनदा भत्ता वाढवीत राहिले तर आणखी एक हप्ता जिलेबी वाढवूनही मी पथ्य सांभाळीन. (यातून महागाई वजा करावयास पाहिजे, असा आक्षेप आमचे जावई घेतात. ते बँकेत आहेत. सरकार ती वजा करते, मी करीत नाही, एवढाच काय तो आम्हा दोघांच्या नीतीत फरक.)

विजेचा अध्याय वाचताना मात्र मला थेट आमच्या कचेरीतले मस्टर आठवले. विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेलाविना असावी असा संकल्प २०३० सालाकरिता होता, आणि तो २०२५ च्या मध्यासच, मुदतीपूर्वी पाच वर्षे, तडीस गेला. ही गोष्ट खरी आहे आणि तिचे कौतुक करताना मी लेखणी आखडती घेणार नाही. परंतु मस्टरवरची नावे आणि टेबलावर हातावेगळी झालेली कागदपत्रे यांचे नाते ज्याने उभ्या हयातीत पाहिले आहे, त्यास कोणी सांगावे लागत नाही की निम्मी पदे ज्यांच्या नावे मंजूर झाली ते निम्मे काम करतीलच असे नव्हे. सूर्यनारायण हा सकाळी उशिरा येऊन सायंकाळी सहाच्या ठोक्याला दप्तर बांधणारा, आणि आभाळ भरून आले की अर्ज न देता किरकोळ रजेवर जाणारा कर्मचारी आहे. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावरचा वारा आषाढ-श्रावणात साऱ्या कचेरीचे काम एकट्याने उपसतो आणि पुढे त्याचा पत्ता लागत नाही. रात्री नऊ वाजता, घरोघरी दिवे, पंखे आणि मालिका एकदम सुरू झाल्या म्हणजे, चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रासारखा काळवंडलेला, दम लागलेला, जुना पट्टेवालाच अखेर हजर असतो. देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून त्याच्याच खांद्यावरून येते. समारंभाच्या छायाचित्रात तो नाही. पट्टेवाले कधीच नसत.

इनामदारीही या राज्यात अगदीच नामशेष झालेली नाही. २००९ साली कोपनहेगनला आपण तीव्रतेचा पहिला संकल्प जाहीर केला तेव्हा शेतीचे उत्सर्जन हिशेबातून वगळले, ज्यायोगे गाई-म्हशींना रवंथ करताना तोंडावाटे सोडावयाच्या मिथेन वायूबद्दल, जो उष्णता धरून ठेवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीस पट समर्थ आहे, जणू सारामाफीची सनदच मिळाली. पुढे २०२१ साली मिथेन घटविण्याचा जागतिक जाहीरनामा निघाला, त्यावरही आपण सही केली नाही. माझे मत विचाराल तर हे योग्यच झाले. दोन गुरांवर संसार चालविणाऱ्या कुणब्याच्या गोठ्यात ढेकरांची नजरपाहणी करावयास तलाठ्याला पाठविण्याचा प्रसंग जो टाळतो, तो शहाणा राज्यकर्ता.

वनांविषयी बोलावयाचे तर आमच्या मेहुण्याचे उदाहरण घेतो. देवगडच्या बाजूस त्याची दीड हेक्टर हापूसची बाग आहे, आणि तो स्वतःला बागायतदार समजत होता. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण खात्याच्या व्याख्येनुसार, एक हेक्टर किंवा त्याहून अधिक जमिनीवर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्के वा अधिक असली की ते वनाच्छादन, मग जमीन कोणाची, झाडे कसली, हा विचार करण्याचे कारण नाही. उपग्रह वरून पाहतो, त्याला सातबारा वाचता येत नाही. ही हकीकत मी मेहुण्यास कळविली तेव्हा तो बराच वेळ स्तब्ध राहिला आणि म्हणाला, "भावोजी, म्हणजे मी इतकी वर्षं जंगलात फवारणी करतोय?" हवेतील अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायू झाडांकरवी अधिक शोषून घेण्याचे जे अभिवचन २०३० करिता दिलेले आहे, त्यात त्याच्या कलमांचाही खारीचा वाटा निघू शकेल, हे मी त्यास समजावून सांगितले, त्यावर त्याने या खात्यातून फवारणीसाठी काही तगाई मिळेल काय, असे विचारले.

वाहतूक व उद्योग यांचे अध्याय पुष्कळ लांब आहेत.

ग्लासगोच्या हवामान परिषदेचा प्रसंग मात्र मी सोडणार नाही, कारण एका क्रियापदाने दोनशे देशांस तिष्ठत ठेवल्याचे उदाहरण दप्तरांच्या इतिहासात दुर्मिळ असेल. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी, परिषदेची मुदत उलटून गेल्यावर, कोळशासंबंधी 'फेज-आउट' असा जो शब्द मसुद्यात होता तो आपल्या आग्रहावरून 'फेज-डाउन' असा झाला. म्हणजे जे बंद करीत न्यावयाचे ते कमी करीत न्यावयाचे ठरले, आणि अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ दाटून आला. मला त्यांच्याविषयी सहानुभूती आहे, पण अश्रू अंमळ चुकीच्या बाजूस पडले असे वाटते. दरडोई धुरात आपण जगाच्या सरासरीच्या निम्म्यावरही नाही; ज्यांनी दोन शतके भट्ट्या पेटवून आपले वाडे बांधले, त्यांनी वर्षाला शंभर अब्ज डॉलर २०२० पर्यंत देऊ करून ते दोन वर्षे उशिरा, तेही बहुतांशी कर्जाऊ, दिले; आणि अमेरिका तर पॅरिसच्या करारनाम्यातून एकदा निघाली, २०२१ साली परत आली, आणि २०२५ साली पुन्हा निघत असल्याची नोटीस देती झाली. अशा सावकारांच्या बैठकीत कुळाने एक क्रियापद बदलून घेतले, तर त्यात कुळाचे कसब पाहावे.

उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्यास आपण २०७० ही मुदत घेतलेली आहे. माझा नातू २०१२ चा. तो राज्य सरकारच्या नोकरीत लागलाच, तर नियत वयोमानानुसार, अठ्ठावन्न पुरी होऊन, बरोबर २०७० साली निवृत्त होईल. म्हणजे या नीतीच्या अंतिम अनुपालनाचा अहवाल त्याच्या टेबलावर येण्याचा आणि त्याच्या निरोपसमारंभाचा दिवस एकच ठरण्याचा पुरेपूर संभव आहे, आणि आमच्या घराण्याचे रक्त त्याच्यात असेल तर 'पुढील अधिकाऱ्याने पाहून घ्यावे' एवढा शेरा मारून तो हार घालून घेण्यास जाईल.

हे सर्व विवेचन, जिलेबी-तीव्रतेच्या कोष्टकासह, मी काल दुपारी सौभाग्यवतींच्या पुढे सविस्तर मांडले. तिने ते तूर निवडता निवडता शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अहो, भागाकार राहू द्या. त्या काट्यावर उभे राहा बघू." नातवाने पलंगाखालून काटा ओढून आणला, मी चष्मा उतरवून ठेवला, खिशातल्या किल्ल्याही काढून ठेवल्या, आणि उभा राहिलो.

"आजोबा, त्र्याऐंशी," नातू म्हणाला.

त्या काट्यात २००५ हे आधारवर्ष धरण्याची काही सोय आहे काय, ते मी त्याला खाली वाकून नीट पाहावयास सांगितले आहे.