किशोरकुमारची चिठ्ठी

"ऐकलं का ताई, आपल्या पेटीमास्तरानं साहेबांच्या वाढदिवसाला गाणं बसवलं म्हणं!" भिंतीपलीकडून गुरुजींची टोपी आधी दिसली, मग गुरुजी.

"बसवू द्या की. मागच्या निवडणुकीत समोरच्या पार्टीचं बसवलं होतं. चाल तीच असंल, नाव तेवढं बदललं."

"ही लाचारी आहे. कलावंत कसा पाहिजे? किशोरकुमारसारखा! आणीबाणीत सरकारला तोंडावर नाही म्हटला."

गुरुजींचं हे आवडतं पालुपद. पण परवाच मी आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालाबद्दल वाचलं होतं, त्यामुळं मीही गहू निवडायचं सोडून भिंतीशी आले. म्हणलं, पुरतं सांगा ना मग.

अर्धं त्यांना पाठ होतं. 1976 साली वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचाराला सिनेमावाल्यांना जुंपायचं म्हणून दिल्लीचे अधिकारी मुंबईत आले. सहसचिवानं किशोरकुमारला फोन केला, घरी भेटायला येतो म्हणाला. ह्यानं सांगितलं, तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी कुणाला भेटू नका म्हटलंय, अन् रेडिओ-टीव्हीवर गायचंही नाही. साहेबाला तो उर्मटपणा वाटला. 4 मेपासून तीन महिने आकाशवाणी अन् दूरदर्शनवर त्याचं एकही गाणं नाही, असा हुकूम निघाला. रेकॉर्डींची विक्रीसुद्धा थांबवली. माहिती खात्याचे मंत्री विद्याचरण शुक्ल.

"आम्ही सिलोन लावायचो," गुरुजी म्हणाले. "तिथं दिल्लीचा हुकूम चालत नव्हता."

"बरं, पुढं काय झालं?"

"पुढं काय? आणीबाणी उठली."

"त्याच्या आधीच त्यानं चिठ्ठी दिली, गुरुजी. सहकार्य करतो म्हणून. फाइलीवर शेरा पडला, की बंदी उठवावी अन् हा किती सहकार्य करतो ते बघत राहावं."

गुरुजी एकदम गप. हा किस्सा सांगणारे बहुतेक सगळे फोनपाशीच थांबतात. चिठ्ठीपर्यंत कुणी येत नाही, कारण मग गोष्टीतला नायक आपल्याएवढाच होतो. मला तर तो चिठ्ठीमुळंच जास्त जवळचा वाटला. 'झुमरू' सिनेमाच्या चाली ज्यानं स्वतः बांधल्या, तो माणूस टेबलाशी बसून 'सहकार्य करीन' असं लिहितोय. मनात काय आलं असंल त्याच्या!

"पण पुलंनी नाही लिहिली असली चिठ्ठी," गुरुजींनी दुसरं माणूस काढलं. "तेबी संगीतकारच. 'गुळाचा गणपती'चं संगीत त्यांचंच. 77 च्या प्रचारात जनता पक्षासाठी भाषणं ठोकली त्यांनी."

"पुलंची पुस्तकं अन् एकपात्री प्रयोग होते. रेडिओनं पाठ फिरवली तरी माणसं तिकीट काढून आली असती. गाणाऱ्याचा रेडिओ बंद केला की निर्माता दुसरा गळा शोधतो." मग मला निझामाच्या काळातली गोष्ट आठवली. 1938 साली वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातून पोरं काढली, ती नागपूर विद्यापीठानं घेतली. "म्हणजे नाही म्हणायला मागं एखादं नागपूर लागतं, गुरुजी."

"अन् त्या रशियावाल्याला कुठलं नागपूर होतं? शोस्ताकोविच?"

त्याला नव्हतंच. 1936 मध्ये स्टालिन त्याचा ऑपेरा अर्धवट टाकून उठला अन् दोन दिवसांत 'प्रावदा'नं त्या संगीताची सालटी काढली. पुढं रात्री पकडायला येतील तेव्हा बायकापोरांची झोप मोडू नये, म्हणून तो बॅग भरून लिफ्टपाशी बसायचा म्हणतात. त्यानं स्टालिनच्या झाडं लावायच्या मोहिमेवर संगीत रचलं, स्टालिन मेल्यावर सात वर्षांनी पक्षात गेला, अन् 1973 मध्ये सरकारविरुद्ध बोलणाऱ्या साखारोव्हचा निषेध करणाऱ्या पत्रावर सहीसुद्धा केली. ही शेवटची सही माझ्या गळी उतरत नाही. बॅग भरायचे दिवस सरले होते ना तेव्हा!

"मग दुर्गाबाई भागवत?" काकू केव्हाच्या धुणं वाळत घालत ऐकत होत्या. "कऱ्हाडच्या संमेलनात बोलल्या, तुरुंगात गेल्या. त्यांचं नागपूर कुठं होतं?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझा नागपूरचा सिद्धांत काकूंनी एका चिमट्यात लटकवला. गुरुजी खूश झाले. "तेच म्हणतो मी! ज्याला नाही म्हणायचं तो म्हणतोच. बाकी सगळी लाचारी."

"अहो," काकू म्हणाल्या, "आपलं लग्न झालं त्या साली तुम्ही नवीन लागला होतात शाळेवर. मास्तरांना नसबंदीच्या केसेस आणायला लावल्या होत्या."

"त्याचं काय इथं?"

"तुम्ही आणली होती ना एक?"

गुरुजींनी टोपी काढून झटकली. "कायम व्हायचं होतं. पगार अडवतो म्हणाले होते."

"त्या माणसाला काय सांगितलं होतं हो?" मी विचारलं.

"जमिनीच्या कागदाचं काम होईल म्हणून."

"मग? झालं का?"

"तलाठ्याची बदली झाली," गुरुजी म्हणाले.