गेटावरचे मालगुजार

नागपूर भागातली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जमीनदारी, 1951 साली कायद्यानं संपली, असं पुस्तकांत लिहिलेलं आहे. लिहिणारे नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात आले नसावेत. वर्धा रोडनं खापरीकडून आत वळा आणि दिसेल त्या कंपनीच्या गेटावर गाडी थांबवा. प्लॅस्टिकच्या खुर्चीत मालगुजार बसलेले असतात. निळा शर्ट, खांद्यावर फीत, गळ्यात शिटी, आणि आभाळ भरून आलं तरी डोळ्यांवर काळा चष्मा.

"कोणाले भेटाचं हाय?"

तुम्ही नाव सांगता. खुर्चीतले भाऊ काही बोलत नाहीत. लगेच बोलले तर अधिकार कसला? आधी बाटलीतलं पाणी पिऊन होतं, मग रजिस्टर तुमच्याकडे सरकतं. नाव, गाव, गाडी नंबर, कोणाकडे काम, वेळ, सही. पेन सुतळीनं टेबलाला बांधलेला, आणि सुतळी इतकी आखूड की लिहिताना कमरेत वाकावंच लागतं. ही लांबी भाऊंनी स्वतः मोजून ठरवली असणार, याबद्दल मला शंका नाही. बँकेचा मॅनेजर असो की डॉक्टरेटवाला, सही होते ती मुजऱ्यातच.

मग लॅपटॉपची पाळी. सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, म्हटलं की सामानाची नोंद आलीच, त्यात भाऊंचा दोष नाही. पण भर मे महिन्यात, पंचेचाळीसच्या उन्हात, एखादा इंजिनियर लॅपटॉप उलटा धरून बारीक अक्षरातला सिरियल नंबर वाचत उभा असला, की भाऊंच्या तोंडावर जे समाधान पसरतं ते पगारानं येत नाही. एकदा मी रजिस्टरात डोकावलो. माझ्या आधीच्या गृहस्थांनी सिरियल नंबरच्या रकान्यात चक्क स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला होता. त्यावर भाऊंची बरोबरची खूण होती.

तेवढ्यात पांढरी गाडी येते. गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून गेले, पण भाऊंचं त्यावाचून अडत नाही, ते हॉर्नवरून माणूस ओळखतात. खुर्ची मागे पडते, दांडी वर जाते, सॅल्यूट ठोकला जातो. रजिस्टर नाही, सुतळी नाही. गाडीत एकटा ड्रायव्हर होता, हे आपल्याला ती गेल्यावर कळतं.

"गाडी त साहेबाची हाय न!"

वर्दी आणि चष्म्याची ही जादू जुनीच. 1971 साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञानं काही विद्यार्थ्यांना पहारेकरी केलं, काहींना कैदी. पहारेकऱ्यांना खाकी कपडे, दांडके आणि आरशासारखे चष्मे दिले. दोन आठवडे चालवायचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळावा लागला, इतके पहारेकरी चेकाळले. पुढे त्यावर टीकाही झाली, की त्या पोरांना कडक वागायला आधीच पढवलं होतं. आमच्या भाऊंना पढवण्याचं काम सुपरवायझरकडे असतं. बुटाला पॉलिश नाही म्हणून तो सकाळी सगळ्यांदेखत झापतो. सुपरवायझरला एजन्सीचा मालक झापतो, मालकाला कंपनीचा ॲडमिन, ॲडमिनला मुंबईचा फोन. झापणी अशी पायरी पायरीनं उतरत गेटाशी येते. भाऊंच्या खाली कोणी नाही. आपण सोडून.

एका दुपारी गेटावर शुकशुकाट होता. भाऊंनी चष्मा काढला आणि कुंपणाच्या आत बोट दाखवलं.

"ते टाकी दिसते न, तिथं आमच्या बुढ्याचं वावर होतं. तूर पेरत होता."

शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव अशा गावांच्या जमिनींवर हे मिहान उभं आहे. मी विचारलं, "मग तुमच्या वडलांना आत जायचं झालं तर?"

"पास लागंन न, साहेब. बिना पासचं कसं सोडू?"

असं म्हणून त्यांनी चष्मा परत चढवला, कारण लांबून एक स्कूटी येत होती.

मिहानला काम निघालं तर आधार कार्ड सोबत ठेवा, अर्धा तास आधी निघा आणि पेन घरचा न्या. 'वॉचमन' अशी हाक मारू नका. गेटावर पोचल्या पोचल्या "भाऊ, जेवण झालं काय?" एवढं विचारा. सिरियल नंबर लागत नाही.