श्वानखाऊ निधी संकलन : ज्यांचं स्वयंपाकघर जाणार आहे त्यांच्यासाठी नियमावली

विद्यार्थ्यांनी मुक्या प्राण्यांच्या आरोग्यासाठी निधी उभारावा, आणि तो घरी भाजलेली कुत्र्यांची बिस्किटं विकून उभारावा, ही कल्पना सर्वार्थाने स्तुत्य आहे. दुसऱ्याच्या घरी सुचलेली असेल तर अधिकच. प्रस्तुत नियमावली ज्यांच्या घरी ती सुचली, त्यांच्या उपयोगासाठी आहे.

कलम १ : स्थळ. निधी संकलनाला सर्वप्रथम ओव्हनवाली मावशी लागते. पशुवैद्यकीय कॉलेजच्या हॉस्टेलवर ओव्हन नसतो आणि आया गावी असतात. मावशीला पूर्वकल्पना देऊ नये. शनिवारी रात्री फोन करून "मावशी, तुझा ओव्हन चालतो ना गं?" एवढंच विचारावं. "चालतो की" हे उत्तर लेखी संमती समजण्यात येईल.

त्यानंतर जी समिती दारात येते, तिची रचना सगळीकडे सारखीच असावी असा माझा कयास आहे. एक अध्यक्ष (आमची भाची), एक पोस्टर करणारी, एक फोटो काढणारा, एक नुसताच आलेला, आणि एक पीठ मळणारा. पोस्टरवर पहिल्या चौघांची नावं असतात. मळणारा आमच्याकडे सांगोल्याचा होता. परात पुढ्यात घेऊन त्याने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि म्हणाला, "काकू, विरी गेलीय ह्याची. नवीन दळून आणू का?" ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची चिकाटी जाते, बिस्किटं कापताना भुगा होतो, हे त्या अख्ख्या समितीत त्याला एकट्याला ठाऊक होतं. मुलगा गुणी आहे. जेवायला बसला तर ताटही स्वतः उचलतो.

कलम २ : घटक. कुत्र्याच्या खाऊत काय घालावं यापेक्षा काय घालू नये हे महत्त्वाचं. कांदा-लसूण नको, त्यांची पावडरही नको. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट नको. द्राक्षं, मनुका, बेदाणे नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शुगर-फ्री गोळ्यांतलं आणि च्युइंगमातलं झायलिटॉल तर मुळीच नको, थोड्याशानेही रक्तातली साखर धाडकन खाली येते. जायफळ नको. मीठ नको, साखर नको, तुपाची धारही नको. थोडक्यात, तीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या हातून न बघता जे जे पडतं, ते सगळं बाद. माझा हात नुसता मिठाच्या बरणीकडे वळला, तर अध्यक्षांनी मनगट धरलं. माझ्याच ओट्यापाशी.

राहता राहिलं ते असं : दोन वाट्या ज्वारीचं पीठ, वाटीभर उकडून कुस्करलेला लाल भोपळा (पाणी पूर्ण निथळून), एक अंडं, दोन चमचे दाण्याचा कूट. दाणे ताजे हवेत. खवट किंवा बुरशी धरलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन असतं आणि कुत्र्याच्या यकृताला ते अजिबात झेपत नाही. पाव इंच जाडीची पोळी लाटून कापावी, १६० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजावी, मग ओव्हन बंद करून आतच वाळू द्यावी.

अंडं फोडण्यापूर्वी सासूबाईंच्या तसबिरीचं तोंड भिंतीकडे करावं.

कलम ३ : आकार. हाडाच्या आकाराचा साचा बाजारात मिळतो. तो आणायचं काम 'नुसताच आलेला' याच्याकडे सोपवू नये. आमच्याकडे शेवटी शंकरपाळ्याचं कातणं वापरावं लागलं. परिणामी ताटात जे दिसत होतं ते शंकरपाळ्यांसारखं दिसत होतं, आणि आमच्या ह्यांनी चहाबरोबर चार-पाच उचलले. "मीठ कमी पडलंय," एवढीच त्यांची तक्रार. तक्रार शास्त्राला धरून होती. माझ्या शंकरपाळ्यांना गेल्या कित्येक दिवाळ्यांत 'खुसखुशीत' हा शब्द लाभलेला नाही. ह्या बिस्किटांना लगेच लाभला.

कलम ४ : मांजरं. मांजरांसाठी काही करू नये. मांजराला गोड चव मुळात कळतच नाही, त्याच्या जिभेला ती सोयच नाही. आणि उपकार त्याहून कमी कळतात.

कलम ५ : साठवण. सप्टेंबरात मुंबईत जी वस्तू सादळत नाही ती खाण्याची नसते. बिस्किटं पुरती गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. आतल्या वाफेने तिसऱ्या दिवशी बुरशी येते. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा हवा. नव्या पर्सच्या खिशातली ती ओलावा शोषणारी पुडी आत टाकण्याची बुद्धी कोणाला तरी होतेच. कुत्रं पुडीसकट खातं, हे त्याला सांगावं.

डबे कोणाचे, हा प्रश्न इथे उपस्थित करू नये.

कलम ६ : इतिहास. विक्रीच्या वेळी ग्राहकाला इतिहास सांगितला की भाव करायला त्याला वेळ उरत नाही, असं अध्यक्षांचं मत आहे. इतिहास असा : १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन लंडनला गेला. तिथल्या गोदीत कुत्री जहाजावरची कडक बिस्किटं मटकावताना त्याने पाहिली म्हणे, आणि कुत्र्यांच्या बिस्किटांचा कारखानाच काढला. त्याच कंपनीत चार्ल्स क्रफ्ट नावाचा पोरगा नोकरीला लागला, आणि पुढे १८९१ पासून त्याच्या नावाचं जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन सुरू झालं. हे सगळं नोंदलेलं आहे. स्प्रॅटसाहेबांचा पहिला घाणा कोणाच्या स्वयंपाकघरात भाजला गेला आणि नंतर तो ओटा कोणी पुसला, याची नोंद मात्र नाही.

कलम ७ : विक्री. स्टॉल गुरुवारी दत्तमंदिराबाहेर लावावा. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, तेव्हा भाविकांना वेगळं पटवावं लागत नाही. अडचण वेगळीच येते. एका आजोबांनी पुडा विकत घेतला, तिथल्या तिथे फोडला आणि देवळाच्या पायरीवरच्या कुत्र्यापुढे ठेवला. कुत्र्याने वास घेतला, मान वळवली, आणि शेजारच्या बाईच्या हातातलं पारले-जी मटकावलं. गिऱ्हाइकांसमोर. साखरेचं बिस्किट रोज खाणं कुत्र्याला चांगलं नाही, हे त्यावर अध्यक्षांनी बरंच समजावलं. कुत्र्याला नाही, आजोबांना.

प्रश्नांची तयारी ठेवावी. "शुद्ध शाकाहारी आहे का?" हा विचारला जातो. "जैन आहे का?" हाही विचारला जातो. "कांदा-लसूण नाही," हे उत्तर खरं असून अर्धवट आहे. अंड्याचंही सांगून टाकावं. एका तरुण दांपत्याने "ग्लुटेन-फ्री आहे?" असं विचारलं तेव्हा समिती एकमेकांकडे बघू लागली. सांगोला म्हणाला, "ज्वारी हाय की." तीन पुडे गेले.

पुड्यावर ठळक लिहावं की असला खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. आमच्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरला लिफ्टमध्ये आता वळता येत नाही, त्याच्या मालकिणीने ही ओळ वाचली आणि दोन पुडे घेतले. मागच्या बाजूला लिहावं की कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावं. हळद, चुना, तिखट काही भरू नये. हे अध्यक्षांना न सांगता सुचलं, मान्य केलं पाहिजे.

कलम ८ : हिशेब. हे कलम मी शांतपणे लिहिणार होते. खर्चाच्या रकान्यात होतं : रिबन, स्टिकर, रिक्षा. भोपळा नाही, अंडी नाहीत, दाणे नाहीत, दळण नाही, त्या महिन्याचं विजेचं बिल तर नाहीच. विचारलं तर, "मावशी, ते घरचंच होतं ना!" 'घरचंच होतं' हे तत्त्व लावलं की कुठलाही धंदा फायद्यात येतो. जगातले सगळे विद्यार्थी-उपक्रम याच तत्त्वावर यशस्वी होतात, आणि अहवालात शेवटी 'सर्वांच्या सहकार्याने' असं लिहिलेलं असतं. 'सर्व' म्हणजे मी. आमचे हे बँकेतून ऑडिटर म्हणून निवृत्त झाले, त्यांनी व्हाउचर मागितलं. त्यांना चार बिस्किटं दिली.

कलम ९ : विनियोग. जमलेल्या पैशांतून गल्लीतल्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यायची होती, २८ सप्टेंबरला. त्या दिवशी १८९५ साली लुई पाश्चर वारले, म्हणून तो जागतिक रेबीज दिन. एखाद्या वस्तीतल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, त्यामुळे पाच-सहा लाडक्या कुत्र्यांना टोचून फोटो काढण्यात अर्थ नाही. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. फ्रीजच्या दारात ठेवायची नाही, दार सारखं उघडतं; फ्रीजरमध्ये ठेवायची नाही, गोठून वाया जाते. म्हणजे मधल्या कप्प्यात. म्हणजे माझं श्रीखंड दारात.

सकाळी डॉक्टर आले. काळ्या नावाचा एक आडदांड कुत्रा कोणालाच जवळ येऊ देईना. भाची त्याच्याकडे न बघता, अंग तिरकं करून खाली बसली आणि उघड्या तळव्यावर एक बिस्किट ठेवून गप्प राहिली. बराच वेळ. काळ्या आला, बिस्किट कुरकुरत खाऊ लागला. डॉक्टरांनी मानेमागची कातडी चिमटीत उचलली, टोचलं, रंगाचा पट्टा ओढला. काळ्याने वर पाहिलं नाही. भाचीने तेवढ्यात त्याचा कान उलटा केला, आत टपोरी गोचीड होती. ती तिने कातडीलगत धरून सरळ ओढली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली. हात हलला नाही पोरीचा. मी बाल्कनीतून बघत होते, आणि मला जरा भरूनच आलं. मग दिसलं, चिमटा माझा भुवयांचा होता.

कलम १० : परतफेड. डबे परत करावेत. लहान दोन आले. मोठा, ज्याच्या झाकणावर माझं माहेरचं नाव कोरलेलं आहे, तो अजून आलेला नाही. त्यात आता सिरिंजा ठेवतात असं सांगोल्याकडून कळलं. ठेवा बापडे. पण पुढच्या पोस्टरवर, त्या चार नावांच्या खाली, बारीक अक्षरात का होईना, 'डबा सौजन्य' तरी लिहा. आणि त्याच्यावर मळणाऱ्याचं नाव.