ललिताजी आणि आमची फुकटी चाळ

जाहिरात पाहिली की माणूस वस्तू विकत घेतो, असा त्या धंद्यातल्या लोकांचा समज आहे. त्यांनी आमच्या गिरगावातल्या चाळीत एखादा रविवार काढायला हवा होता.

दूरदर्शनवर जाहिराती १९७६ सालापासून दिसू लागल्या. आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच बिऱ्हाडात होता, आणि रविवारच्या सिनेमाला तिथे उंबऱ्यापर्यंत माणसं. सिनेमा चालू असताना बायका खुशाल भाजी निवडायच्या, पण जाहिराती लागल्या की हात थांबायचे. सिनेमातली नायिका रडणार हे ठरलेलंच. जाहिरातीत मात्र सगळी माणसं आनंदात, आणि तीही साध्या साबणाच्या वडीवर! आम्हाला त्याचं फार अप्रूप.

लिरिलची ती मुलगी धबधब्याखाली आली की वडीलमंडळी एकाएकी छताकडे बघायची. धबधबा तिकडे कोडाईकनालचा; आमच्या चाळीत नळाला पहाटे तासभर पाणी. आजीने ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा एवढंच म्हणाली, "अगो, कुणीतरी नळ बंद करा म्हणावं तिला."

पण चाळीचं खरं दैवत ललिताजी. त्या सर्फवाल्या. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी सायकलवर दारोदार विकायला सुरुवात केलेली निरमा पावडर घराघरांत घुसली, आणि सर्फच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळू लागली. तिला उत्तर म्हणून अलेक पदमसी यांनी ललिताजी उभ्या केल्या. त्यांच्यासमोर नमुना होता म्हणे स्वतःच्या आईचा: पै-पैची घासाघीस करणारी, पण चांगल्या वस्तूला पैसे मोजणारी बाई. आमच्या आईने यातला पूर्वार्ध तेवढा उचलला. ललिताजी पडद्यावरून ठणकावायच्या, स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो. आई मान डोलवायची. "असतो ना. चांगला सात-आठ रुपयांचा असतो." मग दुसऱ्या दिवशी वाण्याकडून पिवळी पावडर यायची. त्या पावडरीच्या पुड्यावरच्या मुलीसारखी गिरकी घेताना माझ्या बहिणीने गॅलरीत भिजवलेल्या कपड्यांची बादली लाथाडली. फेस थेट खालच्या मजल्यावर. एवढी परिणामकारक प्रसिद्धी त्या कंपनीला पैसे देऊनही मिळाली नसती.

वज्रदंतीच्या बाबतीत तर आमचा दुटप्पीपणा उघडाच होता. विको म्हणजे पेंढरकरांची, १९५२ सालची, परळमधली कंपनी. जाहिरात लागली की अण्णा छाती फुगवून सांगायचे, "आपल्या मराठी माणसाने उभं केलंय हे!" जडीबुटींची यादी ते श्रद्धेने ऐकायचे. बाभूळ आली की म्हणायचे, "आमच्या गावी कुंपणाला आहे." हा अभिमान रात्रभर टिकायचा. सकाळी त्यांच्या तळहातावर राखुंडीच.

टीव्हीवरची एकच गोष्ट आमच्या घरात नियमित यायची, ती म्हणजे लिज्जतचा पापड. पण त्याचं श्रेय जाहिरातीला देता येणार नाही. १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हा उद्योग गिरगावातच सुरू केला, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू तिथून पीठ आणून पापड लाटायच्या. पडद्यावर तो ससा हसू लागला की आम्ही पोरं त्याच्यासारखं खिदळायचो. तो ससा अर्धवटरावांना बोलकं करणाऱ्या रामदास पाध्यांचा, म्हणजे तोही घरचाच. काकूंना ससा दिसतच नसे. त्या डोळे बारीक करून पापड बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "कड जाड राहिलीय." अख्ख्या खोलीत जाहिरात व्यावसायिक नजरेने पाहणारी ती एकटी बाई.

आता मी जाहिराती दिसू नयेत म्हणून यूट्यूबला महिन्याचे पैसे भरतो, आणि जेवण झाल्यावर तिथेच जुन्या जाहिराती शोधत बसतो. फुकट होत्या तेव्हाही पाहिल्या, आता पैसे भरून पाहतो. वस्तू मात्र तेव्हाही घेतल्या नाहीत आणि आताही घेत नाही. लेकीने विचारलं, "बाबा, एवढे टक लावून बघताय, हे विकतायत काय?" म्हटलं, कपडे धुवायची पावडर. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कविता चौधरी गेल्या. 'उडान' मालिका त्यांनीच लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत प्रमुख भूमिकाही केली. पण आमच्या जुन्या चाळकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर एकच वाक्य फिरत होतं: ललिताजी गेल्या. हात जोडलेली चित्रं आली, रडके चेहरे आले, कुणीतरी जाहिरातही टाकली. श्रद्धांजली वाहणाऱ्या त्या सगळ्यांपैकी एकाच्याही घरी तेव्हा सर्फ येत नव्हतं, हे मी लिहून द्यायला तयार आहे.